हॅटलाऊ नॅको यांचा ॲम्प्लिफायर

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. ज्यांच्या हातून पुढे काही मोठं घडणार असतं त्यांनी नोंदी ठेवलेल्या बऱ्या. मागाहून लोकांना शोधाशोध करावी लागत नाही.

सासरेबुवा कालपासून आमच्याकडे राहायला आले, कायमचे. सामान: दोन ट्रंका, एक आरामखुर्ची, एक गिटार (कसलीतरी) आणि चादरीत बांधलेलं एक जड खोकं. हिने त्यांना माझी गिटारींची खोली दिली. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण पलंग आत गेल्यावर. माझ्या सात गिटारी आता जेवणाच्या टेबलाभोवती उभ्या आहेत. सातवी फ्रिजच्या मागे. खोकंही तिथेच. मी ब्र काढला नाही. मोठं मन लागतं त्याला.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून 'गिटार ॲम्प्लिफायर: उगम आणि विकास' हा ग्रंथ लिहायला घ्यायचा. रोज चार पानं. जूनअखेर सहाशे.

३ फेब्रुवारी
साडेपाचला गजर झाला. सासरेबुवा उठले. मला हलवून गेले. मी म्हटलं, जागाच आहे, मनात जुळवाजुळव चाललीये. पावणेआठला उठलो.

ग्रंथ: शीर्षक लिहिलं. अधोरेखित केलं.

५ फेब्रुवारी
ऑफिसात चार चुका पकडल्या. नोंदणी खात्यात अर्जांवरची नावं तपासायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. लोक स्वतःचं नाव चुकीचं लिहितात, बापाचं लिहितात, एकाने तर बायकोच्या जागी मेहुणीचं लिहिलं होतं. माझ्या नजरेतून एक अक्षर सुटत नाही. साहेबसुद्धा म्हणाले, तुम्ही आहात म्हणून उशीर होतो. (हे ग्रंथात लेखकाच्या परिचयात घ्यायचं.)

संध्याकाळी घरी आलो तर त्या जड खोक्यावर हिने इस्त्रीचे कपडे रचलेले. चादर एका कोपऱ्यात सरकलेली. पाहतो तर बटणं. तीन! कपडे उचलून जमिनीवर ठेवले (यावरून पुढे बोलणी खाल्ली), चादर सोडली.

जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर! गिटारचा! हिरवं रेक्झिन, उचलायला वर स्टीलचा गोल दांडा, समोर लाल काचेचा दिवा. कंपनीचं नाव कुठेही नाही. इतकी वर्षं या विषयात आहे, पुस्तकांत, कॅटलॉगांत, कुठेही असा नमुना पाहिलेला नाही.

सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले, अहो, ते मी... मी म्हटलं, बाबा, तुम्ही दमला असाल, जरा पडा. अशा वस्तूजवळ उगाच बोलू नये हे त्यांना कोण सांगणार.

६ फेब्रुवारी
असा नमुना त्यांच्याकडे आला कुठून? सासरेबुवा बस डेपोत वायरमन होते. जन्मभर बसचे हॉर्न आणि दिवे. हौस म्हणून संध्याकाळी कुठल्याशा बँडमध्ये गिटार वाजवायचे म्हणे, क्लबात, लग्नांत. कुणीतरी भेट दिला असणार. विचारलं नाही. मालकाला वस्तूचं महत्त्व कळलं की मालक बिघडतो.

९ फेब्रुवारी, रविवार
चहाच्या वेळी सासरेबुवा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोक्यापाशी! वेळेवर पोचलो. त्यांचं म्हणणं असं: चालू केला की नुसता घुमतो, आतले कंडेन्सर वाळलेत, तेवढे चार बदलले की खणखणीत वाजेल. मी त्यांना दोन गोष्टी समजावल्या. एक, आता कंडेन्सर म्हणत नाहीत, कपॅसिटर म्हणतात. दोन, जुन्या ॲम्पमधला मूळ भाग बदलणं म्हणजे खून. घुमत असेल तर घुमू दे. तो त्या काळचा घुमणारा आवाज आहे.

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांच्या बँडमधले अकॉर्डियनवाले २२ मार्चला एक दिवसासाठी येताहेत. तिथून पुढे ते मुलीकडे जाणार, परदेशात, परत येणं होईलसं दिसत नाही. बँडमधले आता दोघंच उरलेत. शिवाय सासरेबुवांची बोटं दिवसेंदिवस आखडत चाललीयेत, डॉक्टर म्हणतात वर्षभराने वाजवता येईल असं धरून चालू नका. तर एकदा, याच ॲम्पवर, दोघांनी बसून वाजवायचं आहे.

मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांना कळलं असावं. पण स्पष्ट नाही म्हणणं मला जमत नाही, स्वभाव पडला.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
ऑफिसात डोकेदुखी कळवली. ही शाळेत गेलेली (पहिलीच्या वर्गाला वाचायला शिकवते). सासरेबुवा खाली पायऱ्यांवर उन्हात. दार लावून ॲम्पची मागची फळी काढली. आत धूळ, चार व्हॉल्व्ह, आणि कपॅसिटरच्या अगदी शेजारी, पत्र्यावर, पंचाने एकेक करून ठोकलेली इंग्रजी अक्षरं. भिंग आणलं. एच, ए, टी, एल, ए, यू. मग थोडी जागा. मग एन, ए, के, ओ.

हॅटलाऊ नॅको.

निर्मात्याची सही! हॅटलाऊ नॅको! नाव उत्तरेकडचं वाटतं. बर्फाळ भागातलं.

११ वाजून १० मिनिटं
सहीवरची धूळ पुसायला बोट पुढे नेलं आणि असा सणसणीत शॉक बसला की थेट फ्रिजवर आदळलो. सातवी गिटार पडली. प्लग तर काढलेला होता! पण सकाळी सासरेबुवांनी चालू करून पाहिला असणार, आणि अशा कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. हे मला माहीत आहे. ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात मी ते लिहिणारच आहे.

उजवा हात कोपरापर्यंत बधिर. डाव्या हाताने लिहितोय. हॅटलाऊंच्या कामात आजही किती जीव आहे!

११ फेब्रुवारी
सासरेबुवांना आडून विचारलं, हॅटलाऊ नॅको हे नाव कधी कानावर आलंय का. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिले. वय.

खोकला थांबल्यावर म्हणाले, हॅटलाऊ ना, हो, ऐकलंय. भलता कडक माणूस. फार जवळ गेलेलं खपायचं नाही त्याला. मी विचारलं, आणि नॅको? ते आडनाव नव्हे म्हणाले, ती त्याची सवय, कशालाही नाहीच म्हणायचा. शेवटी एवढंच बजावलं की हे नाव हिच्यापुढे काढू नका, लहानपणी तिने त्याचं कधी ऐकलं नाही आणि त्यापायी मार खाल्लाय. म्हणजे हॅटलाऊ सासरेबुवांच्या घरी येऊन गेले! सगळं लिहून घेतलं. साधी माणसं किती मोठ्या गोष्टी सहज बोलून जातात.

१६ फेब्रुवारी, रविवार
आमच्या 'जुनी तार मंडळा'ची बैठक. सभासद चौदा, येणारे सहा. अध्यक्षांनी प्रकृतीमुळे पद सोडायचं ठरवलंय. दोन नावं चर्चेत: मी आणि पिकअप.

पिकअप म्हणजे तो जाडा गृहस्थ. गिटारीत तारांखाली आवाज पकडणारा जो भाग असतो, पिकअप, तसले एकोणीस सुटे याच्याकडे आहेत, गिटार एकही नाही. आज एक मखमलीत गुंडाळून आणला होता. खाली जुना काळा स्टिकर. त्यावर लिहिलंय की पेटंटसाठी अर्ज केला आहे. बस्स, एवढंच. जगभरचे लोक त्या स्टिकरवर जीव टाकतात. आमच्या ऑफिसात 'अर्ज केला आहे' या अवस्थेतले चार हजार कागद पडून आहेत, कुणी ढुंकून पाहत नाही.

मी शांतपणे जाहीर केलं: १६ मार्चला माझं भाषण. एका अज्ञात निर्मात्याचा शोध. आणि तो नमुना मी मंडळाच्या काचेच्या कपाटाला कायमचा देणार. पिकअपचा चेहरा पडला. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. पद खिशात आहे.

सासरेबुवांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगीन. त्यांना अभिमानच वाटेल.

२० फेब्रुवारी
संशोधन जोरात. वरचा स्टीलचा दांडा हुबेहूब बसच्या दारात धरायला असतो तसा. पुढचा लाल दिवा हुबेहूब बसच्या मागच्या दिव्यासारखा. रेक्झिनही बसच्या सीटला असतं त्याच हिरव्या रंगाचं. हे तीन योगायोग असू शकत नाहीत. निष्कर्ष उघड आहे: हॅटलाऊंवर वाहनांच्या सौंदर्याचा गाढा प्रभाव होता. या शैलीला मी 'प्रवासी शैली' असं नाव दिलं.

सासरेबुवांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर रुमाल धरला. पुन्हा वाचा म्हणाले.

आणखी एक. स्पीकरच्या कागदाला एक भोक आहे, पेन्सिल जाईल एवढं. पूर्वी काही वादकांनी आवाज फाटका यावा म्हणून स्पीकर मुद्दाम फाडल्याचे दाखले आहेत. पण कारखान्यातूनच भोक पाडून देणारा निर्माता हा पहिलाच. काय दूरदृष्टी!

२६ फेब्रुवारी
हिने जेवताना सहज विचारलं की तीस वर्षं हे वेड आहे, सात गिटारी आहेत, मग मला काही वाजवताना तिने एकदाही कसं ऐकलं नाही. सासरेबुवा मान खाली घालून जेवत होते, पण कान इकडेच.

मी समजावलं की ज्या माणसाने अख्ख्या जगाला भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार विकली त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, रेडिओ दुरुस्त करायचा बिचारा. जाणकार वेगळा, वाजवणारा वेगळा. वाजवल्याने तारांखालच्या पट्ट्या झिजतात. ही म्हणाली, मग ती फ्रिजमागची तरी झिजवा, निदान काढली जाईल.

ग्रंथ: नऊ पानं. त्यातली दोन ऋणनिर्देशाची.

२ मार्च, रविवार
सासरेबुवा सकाळी खोलीत ॲम्पशिवायच वाजवत होते. दारातून ऐकलं. चांगलं वाजवतात, हे मान्य करावं लागेल. मधेच थांबतात, अनामिकेला दुसऱ्या हाताने धरून वाकवतात, मग पुढे. अकॉर्डियनवाल्यांचा फोन आला होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता. बावीसला, नक्की, आपलाच डबा ना रे, असं काहीसं (डबा म्हणजे ॲम्प). सासरेबुवा म्हणाले, हो हो, आपलाच. फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं.

जरा कसंतरी झालं. म्हणून बाजारात जाऊन त्यांच्यासाठी नवा ॲम्प आणला, बॅटरीवर चालणारा, मुठीत मावतो. त्यांनी कानाला लावला. विचारलं, यात बातम्या लागतात का.

माणसाने करावं तरी किती!

८ मार्च
पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर! या खेपेला दोन स्क्रू निघालेले. आता उपाय करणं भाग होतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने, माझ्या उत्तम अक्षरात पाटी लिहिली आणि ॲम्पला टांगली: 'कृपया हात लावू नये.'

सासरेबुवा पाटीसमोर उभे राहिले. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे. मग खुर्चीत बसले आणि हसायला लागले. खांदे गदगदा हलत होते. हिने पाणी आणून दिलं. काय झालं म्हणून तिने विचारलं तर म्हणाले, काही नाही गं, जावईबापूंचं अक्षर फार सुरेख आहे. आता भाषण होऊनच जाऊ दे, म्हणाले.

म्हातारपणी माणूस लहान मूल होतो तो असा.

१४ मार्च
भाषण पाठ. आरशासमोर चार वेळा. सहीचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवणार. नवा कोट घालून पाहिला, बटण लागत नाही. उघडा ठेवला की जास्त अभ्यासू दिसतो.

ही आणि सासरेबुवा दोघंही येणार. दानाची घोषणा तिथेच करीन. सगळ्यांसमोर ते नाही म्हणणार नाहीत. हा विचार आपोआप आला, मी मुद्दाम केला नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८
आज. ॲम्प टेम्पोने हॉलवर रवाना. पुढची नोंद अध्यक्षाची असेल.

१६ मार्च, संध्याकाळी ६
काही तांत्रिक कारणांमुळे भाषण सात मिनिटांत आटोपलं.

१७ मार्च
रजा. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

सुरुवात उत्तम झाली होती. सभासदांच्या घरचे धरून चाळीसेक माणसं. ॲम्प टेबलावर, त्याला माझी पाटी. सुरुवातीलाच जाहीर केलं की हा नमुना आजपासून मंडळाच्या कपाटात कायमचा राहील. टाळ्या. सासरेबुवा दुसऱ्या रांगेत सकाळपासून गालातल्या गालात हसत होते, ते हसू तेवढं एकदम गेलं. मला वाटलं, भारावले.

मग पडद्यावर फोटो. अक्षरं वीतवीतभर. मी म्हटलं, या विस्मृतीत गेलेल्या माणसाचं नाव आज पहिल्यांदा चारचौघांत घेतलं जातंय, तेव्हा सगळ्यांनी माझ्यामागून म्हणावं. छडीने दाखवत गेलो. हॅट, लाऊ, नॅ, को. म्हणाले. आवाज कमी पडतोय म्हटलं, पुन्हा. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मी हाताने ताल धरला, त्यामुळे जरा भरभर म्हटलं गेलं. आणि अर्धा हॉल थांबला. चौथ्या रांगेतल्या एक बाई हळूच शेजारणीला म्हणाल्या, अगंबाई, हात लावू नको!

पिकअप उठून पुढे आला. पडद्याकडे पाहिलं, टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. म्हणाला, मजकूर एकच आहे, फक्त यांच्या पाटीत 'कृपया' जास्त आहे.

पुढचं हसणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मी पाणी प्यायलो. दोन ग्लास.

आमची ही मात्र हसत नव्हती. उभी राहिली, तोंडावर हात, आणि ओरडली की अय्या, हे तर माझ्यासाठी लिहिलंय! मग भर सभेत सगळं सांगितलं. ती चार-पाच वर्षांची होती. ॲम्पचे व्हॉल्व्ह पेटले की मागून छान ऊब यायची, म्हणून ती बाहुलीला आत झोपवायची. एकदा तिने स्पीकरमधून पेन्सिल आरपार घातली. त्या दिवशी मार बसला आणि बाबांनी डेपोतले पंच आणून हे ठोकलं. डेपोत पंच इंग्रजी अक्षरांचेच होते. कुणीतरी विचारलं, मग उपयोग झाला का. ही म्हणाली, कुठला, मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, ह्यांना अजून येत नाही.

तिसरा ग्लास.

एवढ्यात सासरेबुवा उभे राहिले. ते माझ्याशी बोललेच नाहीत, अध्यक्षांशी बोलले. म्हणाले, साहेब, हा मी बनवलाय. डेपो सुटल्यावर रोज तासभर, अकरा महिने. मोडीत काढलेल्या बसचं रेक्झिन, बसचा दांडा, जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह. गंमत म्हणून मी गप्प बसलो, चूक माझी. पण हा कपाटात नका ठेवू. शनिवारी माझा मित्र येतोय. बसताना खुर्ची सापडेना, हिने धरून बसवलं.

अध्यक्षांनी स्वतः दांड्याला धरून ॲम्प खाली घेतला आणि टेम्पो बोलावला. पद पिकअपला गेलं.

१७ मार्च, दुपारी
शांतपणे विचार केला. एका अर्थी माझं संशोधन बरोबरच ठरलं. निर्माता अज्ञात होता, सापडला. प्रवासी शैलीही खरी निघाली. कडक माणूस, हेही हिला विचारलं तर खरं. तपशिलात एखादी चूक कुणाचीही होते. अमेरिकेतल्या एका नामांकित कारखान्याने आवाज लहानमोठा होतो त्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो आणि सूर हलतो त्या व्हायब्रेटोला ट्रेमोलो म्हटलं, जग अजून तेच म्हणतंय. त्यांच्यावर कोण हसलं?

१८ मार्च
वरचं खोडावंसं वाटतंय. राहू दे.

लाज वाटते. ज्या माणसाने ते खोकं खिळ्याखिळ्याने उभं केलं त्याला मी दीड महिना 'पडा जरा' म्हणत होतो. त्याच्याच वस्तूवर त्याच्यासाठी पाटी लावली. आणि कपाटाचं त्याला चाळीस लोकांत कळलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं की ते कंडेन्सर कुठे मिळतात. कंडेन्सरच म्हटलं मी. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, मला वाटलं होतं दोन दिवसांत तुमच्या लक्षात येईल, नावं तपासता ना तुम्ही. मग दोघंही हसलो. मी थोडं कमी हसलो.

१९ मार्च, बुधवार
चार कंडेन्सर आणले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. आत साठलेली वीज त्यांनी स्वतः उतरवली, ते काम मला दिलं नाही. मग सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं आणि हात थांबेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. टोक पत्र्यावर टकटक वाजत होतं. शेवटी आयर्न माझ्यापुढे धरलं.

विचारलं, सवय आहे ना. मी म्हटलं, माझा अभ्यास बराचसा सैद्धांतिक आहे. म्हणाले, म्हणजे नाही.

पहिला जोड: बोट भाजलं. दुसरा: टेबलक्लॉथ. तिसरा त्यांनी नखाने उचलला आणि हातात दिला. तार तापवा, सोल्डर नाही, ती आपोआप धावते, फुंकू नका, थेंब चमकला पाहिजे, असं सारखं सांगत होते, न चिडता. सातवा थेंब चमकला. मी हिला हाक मारून दाखवला. तिने वह्या तपासायचं सोडून येऊन पाहिला आणि छान म्हणाली, पहिलीतल्या पोरांना म्हणते तसंच.

२१ मार्च
चालू केला. लाल दिवा लागला. मिनिटभराने व्हॉल्व्ह तांबूस झाले. घुमणं गेलं. दोघंही खोक्यासमोर जमिनीवर बसून नुसतं बघत होतो. सासरेबुवांनी एक तार छेडली आणि डोळे मिटले.

भोकाचं काय करायचं विचारलं. असू दे म्हणाले, पोरीने पाडलंय.

२३ मार्च, रविवार
काल अकॉर्डियनवाले आले. वाकलेले, काठी टेकत, पण पेटी गळ्यात अडकवली आणि ताठ झाले. पहिलं गाणं कुठलं यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं, मला वाटलं आता वाजवणं होत नाही. मग वाजवलं. तीन गाणी. हिने दार उघडं ठेवलं होतं, शेजारपाजारची माणसं जिन्यात बसली. टोनबद्दल टिपणं काढायला वही घेऊन बसलो होतो. पान कोरंच आहे.

चौथं गाणं अर्ध्यावर आलं आणि सासरेबुवांची अनामिका वाकेना. थांबले. दुसऱ्या हाताने दाबून पाहिली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबले. अकॉर्डियनवाले एकच सूर धरून त्यांची वाट पाहत राहिले. मग सासरेबुवांनी गिटार उचलून माझ्याकडे केली.

मी मागे पाहिलं, माझ्यामागे कुणी नव्हतं.

म्हणाले, काही करायचं नाही, सगळ्यात जाडी तार, मोकळी, ताल मी देतो. त्यांनी ॲम्पच्या फळीवर बोटांनी ताल धरला. मी वाजवायला लागलो. एक तार, एक स्वर, गाणं संपेपर्यंत. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा अकॉर्डियनवाले थांबले आणि मला सोबत घेऊन पुढे गेले. सासरेबुवा तालावर मान हलवत होते, मधून मधून मित्राकडे बघून हसत होते. ही दाराशी उभी होती, पदराने डोळे पुसत.

निघताना अकॉर्डियनवाल्यांनी सासरेबुवांना बराच वेळ मिठी मारली. मग माझा हात धरला. म्हणाले, जावईबापू, या वयात शिकायला घेतलंत, कौतुक आहे. किती दिवस झाले?

हिने माझ्याकडे पाहिलं. सासरेबुवांनीही.

मी म्हटलं, आजच.